फ्लेन्सबुर्ग : एका सीमेवरील शहराची शिरगणती व शाळा

सरहद्दीच्या प्रश्नावर आपल्याकडे जें वाङ्मय निर्माण झालें आहे त्यांत खानेसुमारीचे आंकडे, जुने शिलालेख आणि महसुली दप्तरें यांचा आधार वारंवार घेण्यांत येतो. अमुक गांवांत अमुक भाषा बोलणारे शेंकडा इतके, म्हणून गांव आमचें, हा युक्तिवाद इतका सरळ दिसतो कीं, त्याच्या मुळाशीं असलेलें गृहीतकृत्य तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाहीं. माणसाची भाषा कळली कीं त्याचें मनहि कळलें, हें तें गृहीतकृत्य होय. बेळगांव, निपाणी किंवा कारवार यांच्या वादांत शिरण्याचा आमचा येथें विचार नाहीं. युरोपच्या उत्तर भागांतील एका लहानशा शहराची हकीकत आम्ही येथें देणार आहों. त्या शहरानें हें गृहीतकृत्य एकदां नव्हे, तर तीन वेळां खोटें पाडलें आहे, आणि तें ज्या ठिकाणीं खोटें पडलें तें ठिकाण म्हणजे बहुतेक वेळां शाळा होती.

फ्लेन्सबुर्ग हें जर्मनीच्या अगदीं उत्तर टोकाजवळचें बंदर. बाल्टिक समुद्राची एक चिंचोळी खाडी पश्चिमेकडे जमिनींत खोल शिरली आहे. तिच्या आंतल्या टोकाशीं, दोन्ही बाजूंच्या टेकड्यांच्या बेचक्यांत, हें शहर वसलें आहे. त्यामुळें त्याची वाढ रुंदीपेक्षां लांबीनें अधिक झाली. बंदराला समांतर असा एकच लांब रस्ता दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो, आणि त्याच्या उत्तर टोकास सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली विटांची वेस अद्याप उभी आहे. रस्त्याच्या कडेनें व्यापाऱ्यांचे वाडे आहेत. समोर दुकान, मागें लांबच लांब चौक, आणि त्याच्या शेवटीं धक्क्याच्या बाजूस गोदामें, अशी त्यांची रचना. शहराच्या पश्चिमेकडून, थोड्याच अंतरावरून, जटलंडांतील बैलांचे तांडे दक्षिणेकडील बाजारांत नेण्याचा जुना मार्ग जातो. म्हणजे एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास राजमार्ग, अशी ही जागा. आज वेशीपासून डेन्मार्कची हद्द थोडक्याच मैलांवर आहे, आणि लोकसंख्या अद्यापहि लाखाच्या आंतच आहे.

परंतु ही हद्द १९२० सालची. त्यापूर्वीं शेंकडों वर्षें हें शहर सीमेवरचें नव्हतेंच. तें श्लेस्विग नांवाच्या डचीच्या मध्यभागीं होतें. १४६० सालीं रीबे येथें जो करार झाला त्यानें डेन्मार्कचा राजा पहिला ख्रिश्चन हा श्लेस्विगचा ड्यूक व होल्स्टाइनचा काउंट झाला, आणि हे दोन्ही प्रदेश सदैव अविभक्त राहतील असें वचन त्यानें दिलें. पैकीं श्लेस्विग हें डेन्मार्कच्या गादीचें मांडलिक, तर होल्स्टाइन जर्मन साम्राज्याचें. एकाच धन्याकडे दोन निरनिराळ्या हक्कांनीं आलेल्या या वतनाच्या भानगडी पुढें इतक्या वाढल्या कीं, त्या समजलेले तीनच इसम असल्याचा एक विनोद पामर्स्टनच्या नांवावर सांगण्यांत येतो. त्या तिघांपैकीं जो वेडा झाला तो प्राध्यापक होता, एवढें नमूद करून आम्ही त्या भानगडींतून पाय काढून घेतों.

शहरांतील व्यापारी घरांत व रस्त्यावर खालच्या प्रदेशांतील जर्मन बोली बोलत. चर्च, कचेरी व शाळा यांची भाषा ग्रांथिक जर्मन. उत्तरेकडील खेड्यांत मात्र डेनिश भाषेची जटलंडी बोली चाले, आणि त्या खेड्यांतून आलेले गडीमाणूस, कारागीर व मोलकरणी यांच्यासाठीं १५८८ पासून शहरांतील एका लहान चर्चमध्यें डेनिश भाषेंत प्रवचनें होत असत. दोन्ही भाषांची सरमिसळ होऊन शहरांत एक चमत्कारिक बोलीहि तयार झाली. तिच्यांतील शब्द बहुतेक जर्मन, पण वाक्याचा सांगाडा डेनिश. आतां या व्यापाऱ्यांच्या निष्ठेचा विचार करावा. वेस्ट इंडीजमधील तीन बेटें त्या काळीं डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यांत होतीं. तेथील मळ्यांत गुलामांच्या श्रमानें पिकलेली साखर आणि तिच्यापासून काढलेली रम अठराव्या शतकाच्या मध्यापासून फ्लेन्सबुर्गच्या धक्क्यावर उतरूं लागली व शहर श्रीमंत झालें. राजाच्या निशाणाखालीं गलबतें चालत. तेव्हां १८४८ सालीं होल्स्टाइनांत व कील येथें जर्मन राष्ट्रीयत्वाचें वारें सुटलें, त्या वेळीं फ्लेन्सबुर्गच्या जर्मन बोलणाऱ्या पेढीवाल्यांपैकीं पुष्कळ जण डेनिश राजाच्या बाजूचे राहिले. जीभ जर्मन आणि निष्ठा कोपनहेगनकडे! गृहीतकृत्य प्रथम खोटें पडलें तें येथें.

१८५० सालीं ईड्स्टेड्टच्या लढाईंत डेनिश सैन्यास जय मिळाला व पुढल्याच वर्षीं सरकारनें भाषेसंबंधीं फर्मान काढलें. मध्य श्लेस्विगमधील ज्या ग्रामीण भागांत लोकांची मूळची बोली डेनिश, पण शाळेची व चर्चची भाषा जर्मन होती, तेथें यापुढें शाळा डेनिश भाषेंत चालावी आणि चर्चमध्यें दोन्ही भाषा आळीपाळीनें योजाव्या, असें त्यांत ठरविलें होतें. कागदावर पाहिलें तर या हुकुमांत अन्याय दिसत नाहीं. मुलांस घरच्या भाषेंत शिकवावें, हें तर आजचें शिक्षणशास्त्रहि सांगतें. परंतु शहराच्या आग्नेयेस असलेल्या आंगेल्न प्रांतांत (ज्याच्यावरून इंग्रजांस त्यांचें नांव मिळालें तोच हा प्रांत) दोनएक पिढ्यांपासून शेतकरी आपण होऊन डेनिश बोली टाकीत आले होते. मुलगा जर्मन शिकला तर बाजारांत मोठा होईल, असा त्यांचा हिशेब. अशा लोकांना सरकारनें सांगितलें कीं, तुमची खरी भाषा कोणती हें आम्हांस तुमच्यापेक्षां अधिक कळतें. परिणाम असा झाला कीं, जे आजवर कोणत्याच पक्षाचे नव्हते ते शेतकरी जर्मन पक्षाचे झाले. आमच्या मतें डेन्मार्कनें आंगेल्न गमावलें तें रणांगणावर नव्हे, गांवच्या शाळेंत गमावलें.

१८६४ च्या युद्धानें पट उलटला. श्लेस्विग व होल्स्टाइन दोन्ही डेन्मार्कच्या हातून गेले, आणि १८६६ मध्यें ऑस्ट्रियाचा पराभव झाल्यावर ते प्रशियाचे प्रांत बनले. त्या वर्षींच्या प्राग येथील तहाच्या पांचव्या कलमांत उत्तर श्लेस्विगच्या लोकांस मत देऊन डेन्मार्कमध्यें परत जाण्याची मुभा ठेवली होती. पण प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं १८७८ मध्यें आपसांत ठरवून तें कलम रद्द केलें. यानंतर प्रशियन सरकारनें शाळेच्या बाबतींत जें केलें तें वाचतांना १८५१ चें फर्मानच आपण आरशांत पाहत आहों असें वाटतें. १८८८ च्या हुकुमानें उत्तर श्लेस्विगमधील प्राथमिक शाळांतून धर्मशिक्षणाचे तास वगळतां जर्मन हीच एकमेव भाषा राहिली. आईबापांनीं मुलांना सीमेपलीकडे डेन्मार्कमधील लोकविद्यालयांत पाठविण्यास सुरुवात केली. ग्रुंटविग यांच्या कल्पनेंतून निघालेलें असलें पहिलें विद्यालय १८४४ मध्यें याच डचींत, रोडिंग येथें निघालें होतें, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शतकाच्या अखेरीस क्योलर नांवाचा प्रांताधिकारी आला. त्यानें डेनिश मताच्या लोकांकडील डेनिश नागरिकत्वाचे गडीमाणूस हद्दपार करण्याचा सपाटा लावला. या दडपशाहीमुळें उत्तर श्लेस्विगमधील डेनिश लोक अधिकच डेनिश झाले. फ्लेन्सबुर्ग मात्र उलट वाटेनें गेलें. तेथें जहाजबांधणीचा कारखाना निघाला, आगगाडी, लष्कर व आरमारी विद्यालय आलें, दक्षिणेकडून कामकरी व अंमलदार आले. व्यापाऱ्यांनीं डेनिश बेटांच्या रमऐवजीं जमेकाची रम आणून पिंपें भरलीं आणि जुनें दुःख गिळलें. तरीहि १८६९ मध्यें सुरू झालेलें डेनिश वृत्तपत्र ‘फ्लेन्सबोर्ग आविस’ शहरांत टिकून राहिलें व आजहि निघत आहे.

पहिल्या महायुद्धांत जर्मनीचा पाडाव झाल्यावर चाळीस वर्षांपूर्वीं रद्द झालेलें मतदान व्हर्सायच्या तहानें पुन्हां पुढें आलें. मतदानाची रचना जाणून घेण्यासारखी आहे. कारण गणतीच्या पद्धतींतच निम्मा निकाल असतो. पहिल्या म्हणजे उत्तर विभागाचें मत एकत्र मोजावयाचें होतें, तर दुसऱ्या विभागांत गांववार. उत्तर विभागाची दक्षिण हद्द इतिहासकार एच्. व्ही. क्लाउसेन यानें पूर्वीं सुचविलेल्या रेषेवर आधारलेली होती. खेड्याखेड्यांतून माहिती घेऊन त्यानें ही रेषा आंखली, आणि बोलीची सीमा व मनाची सीमा एक नव्हे हें ओळखूनच आंखली. तिनें फ्लेन्सबुर्ग दक्षिणेस ठेविलें. १० फेब्रुवारी १९२० रोजीं पहिल्या विभागानें सुमारें तीन चतुर्थांश मतांनीं डेन्मार्क पत्करला. पण त्या विभागांतील टोन्डर, आबेनरा व सोन्डरबोर्ग या शहरांत जर्मन बहुमत होतें, तें एकत्र मोजणीच्या पोटांत गडप झालें. १४ मार्च रोजीं दुसऱ्या विभागांत शेंकडा ८० मतें जर्मनीस पडलीं, आणि फ्लेन्सबुर्गांत तीन मतांस एक असें प्रमाण पडलें. सुमारें २७ हजार जर्मनीकडे, ९ हजारांच्या आसपास डेन्मार्ककडे. कोपनहेगनमध्यें या निकालानें केवढा गहजब झाला! फ्लेन्सबुर्ग कसेंहि करून मिळालेंच पाहिजे, असें म्हणणारा पक्ष तेथें जोरांत होता; दहावा ख्रिश्चन राजा याचा ओढा त्यांच्याकडे; त्यानें मंत्रिमंडळच बडतर्फ केलें, आणि राजसत्ता राहते कीं जाते असा प्रसंग आला. उलट, आयुष्यभर राइशस्टागमध्यें डेनिश लोकांची बाजू मांडणारा एच्. पी. हान्सेन मात्र, जे मनानें आपले नाहींत ते घरांत घेऊं नयेत, या मताचा होता. त्या वेळीं त्याला स्वजनांच्या शिव्या खाव्या लागल्या. पुढील शंभर वर्षें त्याच्या बाजूनें साक्ष देत आलीं आहेत.

या नऊ हजार मतांचें पुढें काय झालें? त्यांनीं शाळा काढली. १९२० मध्यें डेनिश शाळासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षीं डुबोर्ग विद्यालय सुरू झालें. शहराच्या पश्चिमेकडील ज्या टेकडीवर पूर्वीं डेनिश राजाचा डुबोर्ग किल्ला होता, तिच्यावरच तें पुढें उभें राहिलें. आतां प्रश्न असा आला कीं, या शाळेंत जावयाचें कोणीं? प्रशियन सरकारचें प्रथमचें धोरण जन्म व वंश यांच्या कसोटीचें होतें. आईबाप डेनिश मूळचे असल्याचें दाखवा, मग मुलास शाळेंत घाला. १९२८ मध्यें ही अट सैल झाली, व आईबापांनीं आपण अल्पसंख्याकांपैकीं आहों असें म्हटलें तर तेवढें पुरेसें मानण्यांत येऊं लागलें. हा फरक एका ओळीचा दिसतो. पण राज्यशास्त्राच्या दृष्टीनें तो फार मोठा आहे. पहिल्या नियमांत सरकार माणसाची कुळकथा विचारतें. दुसऱ्यांत त्याचा शब्द घेतें. नाझी अंमलांत, जेव्हां सगळ्या देशांत आजोबा-पणजोबांची चौकशी चालू होती, तेव्हां ही शाळा नष्ट झाली नाहीं. परंतु मुलाला डेनिश शाळेंत घालणारा बाप नोकरी टिकवील याची शाश्वती नव्हती, आणि पट आटत गेला.

मे १९४५ मध्यें इतिहासानें या शहराची विचित्र थट्टा केली. हिटलरच्या मागून अधिकारावर आलेल्या डोनिट्झचें शेवटचें सरकार फ्लेन्सबुर्गच्या मुर्विक या उपनगरांतील आरमारी विद्यालयांत बसलें व तेथेंच २३ मे रोजीं कैद झालें. त्याच सुमारास पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे येत होते. श्लेस्विग-होल्स्टाइनची लोकसंख्या युद्धापूर्वीं सुमारें सोळा लाख होती, ती थोड्याच वर्षांत सत्तावीस लाखांच्या आसपास गेली. शाळा, कोठारें, बराकी, सर्वत्र माणसेंच माणसें. अशा वेळीं दक्षिण श्लेस्विगमधील डेनिश संघटनेची सभासदसंख्या अडीच-तीन हजारांवरून सत्तर हजारांच्या घरांत गेली, आणि डेनिश शाळांतील मुलें काहीं शेंकड्यांवरून सुमारें चौदा हजारांवर! १९४७ च्या प्रांतिक निवडणुकींत या पक्षास शेंकडा नऊंहून अधिक मतें पडलीं.

हे एवढे डेनिश आले कोठून? डेन्मार्कमधून अन्नाचीं पार्सलें येत. शाळेंत मुलांस जेवण मिळे. विरोधकांनीं या नव्या डेनिशांना ‘चरबीचे डेनिश’ असें हिणवणारें नांव दिलें. पोटाचा प्रश्न यांत नव्हता असें कोणी म्हणेल तर तो भाबडेपणा होईल. पण पोट भरल्यावर, १९५० नंतर पार्सलांची गरज संपल्यावरहि, त्यांतील बराच मोठा भाग जागचा हलला नाहीं. कित्येकांच्या आजी-आजोबांनीं १९२० मध्यें डेनिश मत दिलें होतें. कित्येकांस नाझी राज्याच्या कलंकापासून दूर जावयाचें होतें. कित्येकांस निर्वासितांच्या लोंढ्यांत आपलें घर बुडतें आहे असें वाटत होतें, आणि हें शेवटचें कारण फारसें उदात्त नाहीं हेंहि सांगितलें पाहिजे. हेतू तपासावयाचे म्हटले तर प्रत्येक दाराशीं न्यायाधीश बसवावा लागेल. १९४६ मध्यें ब्रिटिश सरकारनें डेन्मार्कला विचारलें कीं, मतदान हवें काय, सीमा बदलावयाची काय? डेन्मार्कनें मागणी केली नाहीं. जिंकलेल्या बाजूस असतांना, समोर सत्तर हजार सभासदांची यादी असतांना, एका राष्ट्रानें हात आवरावा, हें युरोपच्या इतिहासांत वारंवार आढळत नाहीं.

त्यानंतर कीलच्या सरकारनें २६ सप्टेंबर १९४९ रोजीं जाहीरनामा काढला. त्यांत म्हटलें होतें कीं, आपण डेनिश आहों असें म्हणण्यास प्रत्येकजण मोकळा आहे, आणि अधिकाऱ्यांनीं या म्हणण्याची तपासणी करूं नये किंवा त्याबद्दल वाद घालूं नये. २९ मार्च १९५५ रोजीं बॉन व कोपनहेगन येथील सरकारांनीं आपापल्या अल्पसंख्याकांविषयीं हेंच तत्त्व स्वीकारलें. तो तह नव्हता. दोन निरनिराळे एकतर्फी जाहीरनामे होते. पश्चिम जर्मनीला नाटो संघटनेंत जावयाचें होतें व त्यासाठीं डेन्मार्कची संमति लागत होती, म्हणून हें औदार्य सुचलें, हें खरें. पण नंतर तें कोणीं मागें घेतलें नाहीं. डेनिश शाळांच्या परीक्षांना मान्यता मिळाली. डेनिश पक्षाला पांच टक्क्यांच्या निवडणूक-अटींतून सूट मिळाली. सीमेच्या उत्तरेस जर्मन शाळांनाहि त्याच मोबदल्यानें हक्क मिळाले.

आज दक्षिण श्लेस्विगमध्यें या अल्पसंख्याकांची संख्या सुमारें ५० हजार धरण्यांत येते. ‘धरण्यांत येते’ असें म्हणण्याचें कारण, ती मोजण्यास कायद्यानेंच बंदी असल्यासारखी आहे. डेनिश शाळा चाळीसांहून अधिक आहेत. बालकमंदिरें त्यांहूनहि अधिक. या शाळांत येणाऱ्या पुष्कळ मुलांची घरची भाषा जर्मन असते. वर्गांत डेनिश, आणि मधल्या सुटींत पटांगणावर जर्मन, ही तेथील नेहमींची तक्रार. येथें गृहीतकृत्य तिसऱ्यांदा खोटें पडतें, आणि कांहीं टीकाकार विचारतात कीं, भाषाच नसेल तर अल्पसंख्याक कसले? आक्षेप वजनदार आहे. आम्हांस असें वाटतें कीं, तो भूतकाळाकडे पाहून घेतलेला आहे. शाळा ही असलेल्या भाषेची पावती आहे, असें तो धरून चालतो. डुबोर्गच्या टेकडीवर शाळा भाषा देते. मुलाचा आजा डेनिश बोलत होता कीं नाहीं याला तेथें महत्त्व नाहीं, नातू बोलेल कीं नाहीं याला आहे.

आपल्या राज्यघटनेनें दुसरा मार्ग स्वीकारला आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनें आलेलें ३५०-अ हें कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याच्या सोयी असाव्यात असें सांगतें. म्हणजे हक्काचा पाया मातृभाषा, आणि मातृभाषेचा पुरावा शेवटीं शिरगणतींतच शोधला जातो. त्यामुळें गणतीचा दिवस हाच सीमाभागांत झगड्याचा दिवस होऊन बसतो. फ्लेन्सबुर्गचें तत्त्व जसेंच्या तसें आपल्याकडे आणतां येईल असें आम्ही म्हणत नाहीं. तेथें दोन भाषा व एक लहानसा प्रांत आहे, आणि पाठीशीं पैसा पुरविणारीं दोन श्रीमंत राज्यें आहेत. शिवाय आईबापांच्या इच्छेलाच प्रमाण मानावयाचें तर पुणें-मुंबईच्या मराठी पालकांची गणना कोणत्या अल्पसंख्याकांत करावी, हा प्रश्न उभा राहील, आणि त्याचें उत्तर देण्याचें धैर्य आमच्या अंगीं नाहीं.

पैशाचा उल्लेख आलाच आहे, तर त्यासंबंधीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. जाहीरनाम्यानें मिळालेला हक्क अंदाजपत्रकानें काढून घेतां येतो. २०१० मध्यें श्लेस्विग-होल्स्टाइनच्या सरकारनें काटकसरीसाठीं डेनिश शाळांचें अनुदान कमी करण्याचें ठरविलें. जर्मन सरकारी शाळेंतील विद्यार्थ्यामागें होणाऱ्या खर्चाइतकें जें मिळत होतें, तें शेंकडा ८५ वर आलें. डुबोर्गला किंवा एखाद्या खेड्यांतील वीस मुलांच्या शाळेला हा पंधरा टक्क्यांचा घाव सारखा लागत नाहीं. लहान शाळा आधीं मरते. निषेध झाले, कोपनहेगननें तक्रार केली. पण निकाल लागला तो मतपेटींतून. २०१० मध्यें फ्लेन्सबुर्गनें डेनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाचा उमेदवार सिमोन फाबर यास महापौर निवडलें, आणि तीन चतुर्थांश जर्मन मतांच्या या शहरांत अशी निवड जर्मन मतदारांच्या मदतीशिवाय होणें शक्य नव्हतें. २०१२ मध्यें तो पक्ष प्रथमच कीलच्या सरकारांत सामील झाला, व त्या सरकारनें अनुदान पूर्ववत् शेंकडा १०० वर नेलें.